धुण्याच्या दगडामागचं रोप

वरून, १२ मे

आई आणि भिंग्या,

दोघांना मिळून एकच पत्र, कारण इथे कागदसुद्धा जपून वापरावा लागतो. साष्टांग घालायला इथे सपाट जागा नाही, तेव्हा आई, उभ्याउभ्याच नमस्कार. नीट पोचले. जीप पुलापर्यंत येते, पुढे सगळा चढ पायी. फोन लागत नाही. पंधरवड्याला सामानाची जीप येते, तिच्याबरोबर पत्रांची थैली येईल-जाईल. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, आणि खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा. काच वाऱ्याने नेली म्हणे.

आता कामाचं. अंगणात मी लावून आले ती रोपं इथल्या उतारावरची आहेत, आधीच खाली मागवून घेतलेली. आणि आपल्याकडे खाली उगवणारी त्याच जातीची रोपं मी इथे आणून लावली आहेत. भिंग्या निघताना विचारत होता, "ताई, गवत इकडचं तिकडे करायला पगार देतात?" देतात बाबा. तू चष्म्याच्या काचा घासतोस त्याचेही लोक पैसे देतातच की.

नीट ऐका. झाडाला पळून जाता येत नाही. कुणी पान खायला आलं की ते पानात कडू रस तयार करतं. पण त्याला ताकद लागते, ती वाढीतून काढून घ्यावी लागते. खाली ऊब, म्हणून किडे फार, म्हणून खालची झाडं कडवट. वर थंडी, किडे कमी. आमचे सर म्हणतात, वरच्या झाडांना कधी शत्रूच भेटलेला नाही, लाडावलेली आहेत ती. खाली नेलीस तर अळ्या फडशा पाडतील. मला ते पटत नाही. इथलं ऊन कातडी सोलून काढतं, पहाटे बादलीतलं पाणी गोठतं. एवढं सोसणारं पान नाजूक कसं असेल? उन्हाथंडीला तोंड द्यायला ते जे काही साठवतं, ते अळीच्याही घशाखाली उतरणार नाही, असं माझं म्हणणं. सर हसले. म्हणाले, "दाखवा." ते दाखवायला मी ऑक्टोबरपर्यंत इथे आहे. दाखवता आलं तर हे काम पुढे माझ्याकडे राहील, नाही तर घरी येऊन आईकडे सुई धरायला शिकेन.

नियम थोडेच. औषध फवारायचं नाही. पाणी घालायचं. जीपच्या आदल्या दिवशी प्रत्येक रोपाचं एक पान तोडून, वर्तमानपत्रात दाबून, पत्र्याच्या बिल्ल्यावरचा आकडा लिहून पाठवायचं. आणि आई, हे खास तुझ्यासाठी: अळ्या आल्या तर येऊ द्यायच्या. हात लावायचा नाही. तुझे हात शिवशिवतील, मला माहीत आहे, म्हणून आधीच बजावते.

ठमी


घरून, २७ मे

ठमे,

डोंगरावर बसून शेळ्या हाकायचं बरं जमतं गं तुला. हे करा, ते करू नका. आम्ही काय तुझे शिपाई?

अळ्या आल्या आहेत. हिरव्या, पाठीवर पिवळी रेघ. चालताना कशा डौलात चालतात, जशी काही त्यांच्या बापाचीच बाग. तुझ्या नियमाप्रमाणे मी नुसती बघते. अगं, धुलाईच्या दुकानात जन्मभर लोकांच्या कोटांची भोकं रफू केली मी. कोटवाल्याला स्वतःला सापडायचं नाही भोक कुठे होतं ते. आणि आता डोळ्यांदेखत भोकं पडताना बघत बसायचं, म्हणजे शिक्षाच म्हण. पण बघते हो. आईवर विश्वास ठेव.

भिंग्याच्या दुकानातलं मोठं भिंग मागून घेतलंय. त्यांची अंडी पानाच्या खालच्या बाजूला असतात, तुला ठाऊक आहे का? एवढी शिकलीस, तुला असेलच.

एक रोप धुण्याच्या दगडामागे कशाला लावून ठेवलंस? माझी कंबर तिथे वाकत नाही. पाणी लांबूनच फेकते. त्याचं पान भिंग्याने तोडलं.

जुना राखाडी स्वेटर पाठवतेय. कोपरं नीट करून दिली आहेत, शोधून दाखव कुठे फाटलं होतं ते. मला हल्ली जेवण जात नाही फारसं, उकाडाच असा आहे. तू मात्र दोन घास जास्त खा. वाऱ्याने काच नेली तशी तुलाही नेईल.

आई


वरून, ११ जून

आई, आई, आई!

वर्तमानपत्र उघडलं आणि मी खोलीत नाचले. शेजारच्या खोलीतला हवामानाची नोंद ठेवणारा विचारायला आला, काही चावलं का म्हणून. पानं शाबूत आहेत गं! अळ्या अंगणात फिरताहेत असं तूच लिहितेस, आणि पानांना नखाएवढंही भोक नाही. म्हणजे वरची रोपं खाली तगतात. म्हणजे माझं खरं.

फक्त सात नंबरचं पान चाळणी होऊन आलंय, ते दगडामागचं. एखादं असतं असं. तिथे सावली असेल, पाणी कमी पडत असेल. ते मी हिशेबातून बाजूला ठेवलं.

इकडे खालून आणलेली रोपं मात्र रडतात. कडूपणा अंगात भरपूर, पण थंडीला कडू-गोड काय कळतंय? कडा करपून गेल्यात. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटतं. बिचारी घरी असती तर बरी असती.

सरांना कळवलं. उत्तर आलं एका ओळीचं: "घाई नको. पुढची पानं पाहू." पाहा की! शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, माझ्याकडे तर वर्तमानपत्रभर शितं आहेत.

स्वेटर अंगात आहे. फाटलेलं कुठे होतं ते नाही सापडलं. हरले.

ठमी


घरून, २४ जून
(हे पत्र पाठवलं नाही.)

ताई,

कसं लिहू ते कळत नाही. आईच्या पोटात गाठ आहे. उकाड्याने जेवण जात नाही म्हणत होती, शेवटी मीच ओढून दवाखान्यात नेलं. गाठ पसरली आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, त्यांनी खोटं सांगितलं नाही. कापण्यात अर्थ नाही म्हणाल्या. दुखू नये एवढं बघू, म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर आई पायरीवर बसली आणि म्हणाली, "ठमीला कळवायचं नाही." मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाली, "माझी शपथ आहे. ती धावत येईल, आणि तिचे ते सर पुन्हा हसतील. ऑक्टोबरात येणारच आहे, तोवर मी आहे, कुठे जात नाही." मी भांडलो, ताई. रस्त्यात भांडलो. लोक बघायला लागले. मग तिने माझा हात धरला. तिचा हात इतका हलका लागला की मी हो म्हणून गेलो.

रोज सकाळी अजून अंगणात जाते. भिंग घेऊन रोपांपाशी बसते, बराच वेळ. मी म्हटलं, आराम कर, तर म्हणते, "ठमीचं काम आहे, बघायला सांगितलंय तिने." मी दुकानात जाईपर्यंत ती तिथेच असते.

तू ये. मला एकट्याला हे झेपत नाही.


घरून, २४ जून

ताई,

सगळं ठीक. आईने मनगट मुरगाळून घेतलंय, म्हणून या खेपेला मी लिहितोय. काळजी करू नकोस, लेपबिप लावलाय. तुझी पानं सोबत आहेत. सगळी एकदम टवटवीत, सात नंबरचं सोडून. त्याला तर देठच उरलेत.

दुकानात परवा एक आजोबा आले, डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा हरवला म्हणून सांगायला. मी त्यांना नवीन विकला नाही, याबद्दल माझं कौतुक व्हावं.

तू बरी आहेस ना? ऑक्टोबरच्या आधी मध्येच कधी यायला मिळतं का? सहज विचारलं.

भिंग्या


वरून, ९ जुलै

भिंग्या,

मध्येच यायला मिळत नाही, आणि तुला कधीपासून बहिणीची आठवण यायला लागली? आईच्या मनगटाला शेक द्या. उजवं की डावं, तेवढंही लिहिलं नाहीस. डावं असेल तर तिला सांग, उजव्या हाताने दोन ओळी लिहायला काय झालं? रुसली आहे का माझ्यावर? मी नियम घातले म्हणून?

काम मात्र झकास चाललंय. सर आता "पाहू" वरून "विचार करण्यासारखं आहे" वर आले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच. फक्त एक गोष्ट समजत नाही. पानांचा अर्क काढून प्रयोगशाळेत पाठवला होता, त्याचं उत्तर आलं. तुमच्या अंगणातल्या रोपांत कडू रस वाढलेला नाही. उलट मेमध्ये होता त्याहून कमीच. आता, झाडाची रीत अशी की एकदा चावा बसला की ते खडबडून जागं होतं आणि रस वाढवतं. मग इथे रस नाही, आणि तरी अळी खात नाही, हे कसं? काहीतरी नवीनच सापडतंय मला. डोकं भणभणतं, पण आनंदाने.

आईला सांग, हे छापून येईल तेव्हा शेवटी आभार मानतात तिथे तिचं नाव पहिलं घालीन. आणि तुझं भिंगाबद्दल.

ठमी


घरून, २५ जुलै

ताई,

पानं पाठवतोय, पण उघडशील तेव्हा घाबरू नकोस. काय झालं कळत नाही. या पंधरवड्यात सगळ्या रोपांवर धाड पडली. नुसत्या शिरा राहिल्यात. मी पाणी वेळेवर घालतो, खरंच घालतो. फवारायला बंदी म्हणून फवारलं नाही. तू म्हणशील ते करतो, पण लवकर सांग.

आई मावशीकडे गेली आहे, हवापालटाला. म्हणून पत्र नाही. बरी आहे. तुझी आठवण काढते.

तिला रोपांचं सांगितलं नाही. सांगू का नको, तेही लिही.

भिंग्या


वरून, ७ ऑगस्ट

भिंग्या,

आई कुठे आहे?

मावशीकडे म्हणू नकोस. मावशीकडे दोन रात्रींच्या वर आई जन्मात राहिलेली नाही. तिथल्या उशीवर तिला झोप लागत नाही.

वर्तमानपत्र उघडलं. आधी वाटलं, सर जिंकले. मग प्रयोगशाळेचा कागद पुन्हा काढला. रस वाढला नव्हता, कारण चावाच बसला नव्हता. चावा बसला नव्हता, कारण अळ्या पानापर्यंत पोचतच नव्हत्या. कुणीतरी रोज सकाळी बसून, पान उलटं करून, अंडीसुद्धा काढत होतं. भिंग मागून घेतलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी काय शोध लावत होते? आईचे हात मोजत होते मी.

आणि ते हात जुलैत थांबले. ज्या बाईने मी इतकं बजावूनही ऐकलं नाही, ती आपल्या मर्जीने थांबणार नाही. तिला उठवत नाही आहे. हो ना?

मी परवाच निघाले होते. पूल गेलाय. वरून पाण्याचा लोंढा आला, त्यात मधला खांबच गेला. रस्त्याचे मजूर पलीकडे आहेत, ते दोरावरून थैली ओढतात, रोज. माणसाला ओढत नाहीत. मी त्यांच्याशी ओरडून भांडले, रडले, वजन कमी आहे म्हणून सांगितलं. मुकादम हात जोडून उभा राहिला पलीकडे, पण नाही म्हणाला.

खरं लिही. आजच्या आज लिही. आईला सांग, मी रागावलेली नाही. रोपं गेली खड्ड्यात.

ठमी


घरून, १० ऑगस्ट

ठमे,

हात भिंग्याचा, बोलणं माझं. त्याला मध्ये मध्ये नाक पुसायला थांबावं लागतंय, म्हणून अक्षर असं.

हो, वेचल्या. आणि उद्या उठवलं तर पुन्हा वेचीन. मारल्या नाहीत, डब्यात घालून मागच्या पडीक जागेत सोडून आले रोज. भिंग्याला सांगितलं नव्हतं, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असं वाटायचं मला. आता बघ, माझं दुखणं कसं गिळून बसला होता. पोर मोठं झालं.

तू म्हणालीस बघत बस. अगं, परक्या अंगणात आलेली पोरं ती, त्यांना इथलं काय ठाऊक? तुझे सर हसले म्हणालीस तेव्हाच ठरवलं मी, या रोपांना काही होऊ द्यायचं नाही. विज्ञान तुझं असेल, अंगण माझं आहे. पण तुझं काम त्याने बिघडतं हे मला समजलं नव्हतं. वाटलं, पानं चांगली दिसली की तुझंही चांगलं होईल. ते भिंग्याने तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा कळलं. त्याचं वाईट वाटतंय.

पोटात गाठ आहे. दुखतं, पण औषध देतात. ऑक्टोबर गाठीन वाटलं होतं. कापडाचा अंदाज माझा कधी चुकला नाही, हा चुकला.

एक सांगायचंय. ते दगडामागचं रोप, जिथे माझी कंबर वाकली नाही, ते काडी होऊन गेलं होतं. भिंग्या म्हणतो, आता त्यालाच पानं फुटलीत. बारकी, काळपट. अळ्या वर चढतात आणि तोंड फिरवून उतरतात. बाकीची सगळी आडवी झाली. खाटेवर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात तेच फिरतं. मी चांगलं करायला गेले ना गं?

पूल होईपर्यंत येऊ नकोस. त्या दोरावर लोंबकळलीस तर याद राख. स्वेटर घाल.

आई


वरून, १२ ऑगस्ट

आई,

मजूर लाकडं आणताहेत. मी येतेय. थांब.

तू चांगलंच केलंस. दुसरं तुला येतच नाही. काम पुन्हा होतं, दर वर्षी उन्हाळा येतो. तू त्या कामाचा विचार करू नकोस. भिंग्याला सांग, तुझी उशी उन्हात घालून दे.

मी येईपर्यंत थांब.

ठमी


घरून, १५ ऑगस्ट

ताई,

आई आज सकाळी गेली.

तुझं पत्र काल पोचलं. मी तिला दोनदा वाचून दाखवलं. "थांब म्हणते का?" म्हणाली, आणि हसली. उशी उन्हात घातली होती, ती डोक्याखाली घेऊन झोपली. सकाळी चहा मागितला. मी आधण ठेवून परत आलो तेवढ्यात. मी फक्त आधण ठेवायला गेलो होतो गं.

मावशी आली आहे. शेजारी आहेत. तुझी वाट बघता येणार नाही असं सगळे म्हणाले.

मी लपवलं तुझ्यापासून. तिची शपथ होती, पण हातात पेन माझंच होतं. आलीस की मार मला.

सात नंबरचं एक पान सोबत पाठवतोय. जीपचा वार नाही, पण आज दुसरं काय करावं सुचेना.

भिंग्या


वरून, १८ ऑगस्ट

भिंग्या,

तुला मारणार नाही. तू अंगाने केवढा झालास, माझाच हात दुखेल.

काल दिवसभर पुलापाशी बसले होते. हवामानवाला चहा घेऊन आला, शेजारी बसला, फार बरं वाटलं. सात तारखेला तुला लिहिलं तेव्हाच सरांनाही निरोप पाठवला होता की अंगणातले आकडे टाकून द्या. उत्तर आलं, कारण काय लिहू? मी कळवलं, लिहा: रोपांना आई होती. त्यावर त्यांनी लिहिलं, पुढच्या वर्षी पुन्हा लावा, वरिष्ठांना मी सांगतो.

तू पाठवलेलं पान चावून बघितलं. आम्ही पानं चाखत नाही, बंदी आहे, पण चावलं. जीभ बधिर होईपर्यंत कडू. मेमध्ये इथून नेलं तेव्हा ते रोप असं नव्हतं. म्हणजे सरही चुकले आणि मीही. वरची झाडं लाडावलेली नसतात, आणि जन्मतः तयारही नसतात. त्यांच्यात ते असतं, पण चावा बसावा लागतो. तो वेळेवर बसावा लागतो, आणि त्यातून उठायला थोडे दिवस मिळावे लागतात. बाकीच्यांना चावा बसला तेव्हा एकदम सगळ्या अळ्या आल्या. त्यांना दिवसच मिळाले नाहीत.

मला आईचा राग येतो, भिंग्या. जिला पुन्हा बघता येणार नाही तिचा इतका राग येतो. जूनमध्ये कळलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, काम टाकून आले असते, तिच्या उशाशी बसून तिच्या शिव्या खाल्ल्या असत्या. दोन महिने मिळाले असते मला. ते दुखणं माझं होतं, आणि तिने ते सकाळी उठून, पान उलटं करून, माझ्यापर्यंत येण्याआधीच उचलून टाकलं. मी इथे टवटवीत, नाचतेय. आणि मग सगळं एकदम आलं.

पूल गुरुवारी होईल म्हणतात. मी येईन. पण मला तू माहीत आहेस आणि मी माहीत आहे. समोरासमोर बसलो की आपण साखर संपली का, दुकान कधी उघडणार, असंच बोलत राहू. म्हणून त्याआधी लिही. तू जूनमध्ये, मनगटाची थाप मारलीस तेव्हाच, मला खरं पत्र लिहिलं असशील, लिहून ठेवून दिलं असशील, हे मी पैजेवर सांगते. ते पाठव. दवाखान्यातून बाहेर आल्यावर ती काय म्हणाली ते लिही. तिला किती दुखलं ते लिही. रात्री ती ओरडली असेल तर तेही लिही. माझं नाव घेतलं असेल तर लिही, नसेल घेतलं तरी लिही.

मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस. सगळं येऊ दे माझ्यापर्यंत. एकही अळी वेचू नकोस.

ताई